पाळी गेल्यावरच्या गोळ्या आणि त्यांचा त्रास



गेल्या आठवड्यात आपण हरभऱ्यावरील घाटेअळीचे पाहिले. या आठवड्यात उसाच्या खोडव्याविषयी लिहिण्याचे ठरविले होते. पण मध्येच एका भगिनीचे पत्र आले. खोडवा आठ दिवस थांबू शकतो, हे पत्र थांबणार नाही, असे वाटले म्हणून आजचा विषय बदलला आहे.

पत्राच्या वरच त्यांनी लिहिले आहे, "नाव-गाव छापू नका." वय ४८. पाळी जाऊन चौदा महिने झाले. दिवसातून दहा वेळा छातीपासून तोंडापर्यंत वाफा येतात, रात्री लुगडे घामाने भिजते, झोप नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून संप्रेरकाच्या, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या दिल्या. वाफा थांबल्या. पण पाच आठवड्यांत छाती ताठरली, डोके दुखू लागले आणि दोनदा कपड्यावर डाग पडला. शेजारच्या म्हणाल्या, "गेलेली पाळी परत येणे काही बरे नव्हे." मालकांनी कुठूनतरी ऐकले की या गोळ्यांनी कॅन्सर होतो. त्यांनी उरलेली पाकिटे उकिरड्यावर टाकली. आता वाफा परत सुरू झाल्या आहेत आणि बाई रात्रभर ओट्यावर बसून काढतात. शेवटी लिहितात, "तुम्ही फवारणीचे प्रमाण आणि नंतरची काळजी समजावून सांगता, तसे या गोळ्यांचे सांगा."

मी शेतीचा पदवीधर. डॉक्टर नव्हे. म्हणून जे लिहिले ते आधी आमच्या तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना वाचून दाखविले. आणि आमच्या सौभाग्यवतींचीही परवानगी घेतली, कारण पुढे त्यांची गोष्ट येणार आहे. पुरुषाने या विषयावर लिहावे काय, असे कोणाला वाटेल. पण पाकिटे उकिरड्यावर टाकणारा पुरुषच होता, तेव्हा पुरुषांनीही हे वाचावे.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे डॉक्टर धरतात. आपल्या देशात हे साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी होते. अंडकोशातून तयार होणारे इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक कमी पडते, आणि मेंदूतील जो भाग अंगाची उष्णता सांभाळतो त्याचा तोल बिघडतो. त्यामुळे वाफा आणि घाम. पुढे योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. सगळ्याच बायकांना औषध लागते असे नाही. पुष्कळजणींचे तीन-चार वर्षांत आपोआप निवळते. परंतु ज्यांची झोप उडते, काम सुचेनासे होते, त्यांच्यासाठी बाहेरून संप्रेरक देणे हा वाफांवरचा आजही सर्वांत गुणकारी उपाय आहे.

द्राक्ष बागायतदारांना संप्रेरक म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. आपण त्याला संजीवक म्हणतो. एक ग्रॅम जीए शंभर लिटर पाण्यात मिसळले की १० पीपीएमचे द्रावण होते. एवढ्या चिमटीभर पुडीने अख्ख्या बागेतल्या घडांचे रूप बदलते. आणि हात सैल सुटला तर देठ जाड नि कडक होतो, पुढच्या हंगामात डोळ्यातून घडच कमी निघतात. बाईच्या गोळीत इस्ट्रोजेन किती असते? बहुधा एक किंवा दोन मिलीग्रॅम. जे इतक्या थोड्यात काम करते, त्याच्या प्रमाणात, वेळेत आणि जोडीच्या औषधात आपल्या मनाने फेरफार करायचा नसतो. हे मला शेतात पक्के माहीत होते. घरात मात्र मी विसरलो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सौ.ची पाळी जाऊन सव्वा वर्ष झाले होते आणि वाफांनी ती हैराण होती. डॉक्टरबाईंनी रक्तदाब घेतला, छाती तपासली, सोनोग्राफी केली आणि दोन औषधे लिहून दिली. एक इस्ट्रोजेनची गोळी, दुसरी प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. दुसरी रात्री झोपताना घ्यायची, असे त्यांनी सांगितले होते म्हणे. आम्ही दोघेही बसच्या घाईत होतो. घरी आल्यावर सोय म्हणून दोन्ही औषधे सकाळच्या चहाबरोबर सुरू झाली. आठव्या दिवशी म्हशीची धार काढताना हिचा डोळा लागला आणि चरवी कलंडली. चुलीपुढेही डुलक्या येऊ लागल्या. तिने विचार केला, वाफा तर पहिल्या गोळीने थांबतात, मग ही झोपेची कशाला? कॅप्सूल बंद केली. मला सांगितले. मी म्हणालो, "बरं केलंस."

चार महिन्यांनी अंगावरून जायला लागले. पहिल्या दिवशी थोडे, चौथ्या दिवशी इतके की घोंगडी धुवावी लागली. सोनोग्राफीत पिशवीचे अस्तर जाड झालेले दिसले. डॉक्टरबाईंनी अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठविला. तो अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना बियाणे, खते सांगत होतो आणि काय सांगतो आहे याकडे माझेच लक्ष नव्हते. अहवाल चांगला आला, कॅन्सर नव्हता. मग डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

इस्ट्रोजेन पिशवीचे अस्तर वाढविते. ज्या बाईची पिशवी शाबूत आहे तिला नुसते इस्ट्रोजेन देत राहिले तर अस्तर वाढत जाते आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. हे अमेरिकेत १९७५ साली उघड झाले. त्याआधी तिथे वर्षानुवर्षे एकट्या इस्ट्रोजेनची गोळी बायका घेत होत्या. दुसरी कॅप्सूल असते ती अस्तराला आवर घालण्यासाठी. तिने वाफा थांबत नाहीत, बाईला काही फरक जाणवत नाही, उलट गुंगी येते. म्हणून सोडून द्यावीशी वाटते. पण राखण तीच करीत असते. कोणाला ती रोज असते, कोणाला महिन्यातले बारा ते चौदा दिवस. बारा-चौदा दिवसवाल्या भगिनींना ती संपली की पाळीसारखे थोडे जाते, त्यात घाबरण्यासारखे नाही. जिची पिशवी काढलेली आहे, तिला मात्र बहुधा एकटे इस्ट्रोजेन पुरते. शेजारणीला दोन औषधे आणि मला एकच का, याचे उत्तर हे आहे. तिची कॅप्सूल हिने मागून घेऊ नये आणि हिचे पाहून तिने आपली सोडू नये.

आणि गुंगीचे काय? ती कॅप्सूल रात्री निजताना घेतली की गुंगी झोपेतच जिरते. उलट ज्यांना झोप येत नाही त्यांना फायदाच. एवढा साधा उपाय होता. पाकिटावरची चिठ्ठी इंग्रजीत होती हे खरे, पण मला इंग्रजी वाचता येते. तीस वर्षे शेतकऱ्यांना 'डब्यावरचे लेबल वाचा' म्हणून सांगणाऱ्याने घरातले लेबल वाचले नव्हते.

आता पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या तक्रारींकडे येतो. सुरुवातीच्या तीन महिन्यांत अंगाला नवे औषध सोसवेपर्यंत काही त्रास होतो. कित्येकींना होतही नाही. छाती ताठरणे आणि हुळहुळणे हा त्यातला नेहमीचा. नीट बसेल अशी चोळी किंवा ब्रेसियर रात्रीही घालावी, जेवणात तेल-तूप थोडे कमी करून भाकरी, भात, डाळ यांवर भर द्यावा. बहुधा दोन-तीन महिन्यांत कमी होते. मळमळ होत असेल तर गोळी उपाशीपोटी न घेता रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी. डोके दुखत असेल तर आधी पाणी आणि जेवणाच्या वेळा पाहा. आपल्या बायका सकाळी चहावर शेतात जातात आणि दोन वाजता भाकरी खातात, मग डोके दुखले की दोष गोळीला. तरीही दुखत राहिले तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळीऐवजी कातडीवर लावायचे औषध देतात, कारण त्यातून संप्रेरक रक्तात सारखे मिळत राहते, चढउतार कमी होतात. ज्यांना अर्धशिशी आहे, आणि विशेषतः डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड किंवा ठिपके दिसतात, त्यांनी हे आधीच सांगितले पाहिजे.

पोट फुगल्यासारखे वाटणे, चिडचिड होणे, रडू येणे हाही प्रकार असतो. चिडचिड पुष्कळदा दुसऱ्या औषधामुळे असते. ते बंद करायचे नसते, पण त्यातला प्रकार बदलून मिळतो. वजन वाढते अशी तक्रार सगळ्याच करतात. या वयात वजन गोळीशिवायही वाढते, त्याचे खापर गोळीवर फोडता येत नाही.

डाग पडण्याविषयी नीट समजून घ्या. औषध सुरू केल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अधूनमधून थोडा डाग पडणे, हे होते. तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावा आणि पुढच्या फेरीत डॉक्टरांना दाखवावा. एखादी कॅप्सूल विसरली तरी डाग पडतो, म्हणून विसरलेला दिवसही लिहावा. परंतु भरपूर जात असेल, सहा महिन्यांनंतरही थांबत नसेल, किंवा थांबून परत सुरू झाले असेल, तर वाट पाहायची नाही. आणि जी बाई कसलीही गोळी घेत नाही, पाळी जाऊन वर्ष उलटले आहे, तिला एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. दरवेळी कॅन्सर असतो असे नाही, बहुतेक वेळा नसतोच. पण असला तर पिशवीचा कॅन्सर या एका खुणेने लवकर कळतो आणि लवकर कळला तर बरा होतो. 'उष्णतेने गेले' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पीत बसू नये.

पायाचे तसेच. पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणली की सुटतात. हा साधा त्रास. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबले की दुखते आणि दुखणे जात नाही, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेल चोळू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक छातीत दुखणे, धाप लागणे, थुंकीत रक्त येणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एक हात लुळा पडणे, कधी झाले नाही असे भयंकर डोके दुखणे, एकाएकी दिसेनासे होणे, डोळे पिवळे होणे या तक्रारी घेऊन एक रात्रही घरी थांबायचे नाही. १०८ला फोन करावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की बाई हार्मोनची गोळी घेते. छातीत गाठ लागली तर तीही त्याच आठवड्यात दाखवावी.

गुठळीचा धोका गोळीने थोडा वाढतो, कारण गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठविणारे घटक वाढविते. कातडीवरून दिलेले औषध ती वाट टाळते, म्हणून नेहमीच्या मात्रेत त्याने गुठळीचा धोका वाढत नाही असे दिसून आले आहे. स्थूल बाई, रक्तदाबवाली बाई, हिला डॉक्टर पुष्कळदा म्हणून जेल किंवा चिकटपट्टी देतात. पट्टी घामाने सुटते, तेव्हा ती पोटाच्या खालच्या भागावर किंवा कुल्ल्यावर, कोरड्या जागी, तेल न लावता चिकटवावी आणि दर खेपेस जागा बदलावी, म्हणजे खाज येत नाही. छातीवर कधीच लावू नये.

जेलचे मात्र एक पथ्य आहे आणि ते कापूसवाल्यांना लगेच पटेल. तणनाशक २,४-डी मारलेला पंप नीट न धुता त्याच पंपाने कपाशी फवारली तर काय होते हे पाहिले आहे ना? पाने भेंडीसारखी चिरतात. पंपाच्या तळाला राहिलेला थेंब तेवढे करतो. तसेच जेल दंडावर किंवा मांडीवर लावल्यावर पूर्ण वाळू द्यावे, हात साबणाने धुवावेत, जागा कपड्याने झाकावी आणि तासभर तरी त्या जागेला लेकराचा स्पर्श होऊ देऊ नये. नातवंडे आजीच्या दंडावर डोके ठेवून झोपतात. लहान मुलीच्या अंगात हे औषध गेले तर अवेळी छाती येऊ शकते. तेव्हा जेल लावण्याची वेळ नातवंडे शाळेत असतानाची ठरवावी.

मालकांच्या भीतीविषयी. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. २००२ साली अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांवर चाललेली एक मोठी तपासणी मध्येच थांबविण्यात आली. गोळ्या घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला ३८ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. न घेणाऱ्यांत ३०. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघातही आठ जास्त. खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र दहा हजारांत पाचने कमी झाले. ही बातमी जगभर पसरली आणि लाखो बायकांनी रातोरात गोळ्या बंद केल्या. पुढे आकडे चाळल्यावर दिसले की त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेली होती. त्यांना दिलेले इस्ट्रोजेनही गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले होते. आज पुष्कळ गोळ्यांत असते ते इस्ट्रोजेन वनस्पतींपासून, सोयाबीनसारख्या पिकातील द्रव्यापासून तयार करतात आणि ते अंगातल्या इस्ट्रोजेनसारखेच असते. (म्हणून सोयाबीन खाल्ले की काम झाले असे कोणी समजू नये, कारखान्यात त्यावर बऱ्याच प्रक्रिया होतात.) साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत सुरू केल्यास, आणि बाईला दुसरा मोठा आजार नसल्यास, फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो, असे आज डॉक्टर मानतात. स्तनाच्या कॅन्सरचा धोका दोन औषधांच्या जोडीत आणि जास्त वर्षे घेतल्यास वाढतो. म्हणून दरवर्षी एकदा जाऊन अजून लागते काय, मात्रा कमी होईल काय, हे विचारायचे.

काही भगिनींनी मात्र हे औषध घेऊच नये. ज्यांना स्तनाचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला आहे, पायात वा फुप्फुसात गुठळी झाली होती, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, यकृताचा आजार चालू आहे, किंवा अंगावरून का जाते याचा उलगडा झालेला नाही, त्यांच्यासाठी संप्रेरकाशिवायचे दुसरे उपाय आहेत, ते डॉक्टरांना विचारावेत. रक्तदाब वाढलेला असेल तर तो आधी ताब्यात आणावा. आणि ज्यांना फक्त कोरडेपणा आणि लघवीची जळजळ आहे, त्यांना आतून लावायचे कमी मात्रेचे मलम पुरते. ते रक्तात फारच थोडे जाते. लाजेपायी बायका हे सांगत नाहीत आणि वर्षानुवर्षे जळजळ सोसतात.

डॉक्टरांना न सांगण्याच्या गोष्टींत पहिली मिसरी. "तंबाखू खाता का?" असे विचारले की बाई "नाही" म्हणते, कारण मिसरी हा तिच्या मते दात घासण्याचा प्रकार. मिसरी तंबाखूचीच असते. तंबाखू हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना वाईट, वर संप्रेरकाची गोळी असेल तर अधिकच जपायला हवे. म्हणून ते सांगावे, आणि जमेल तर ती डबी फेकून द्यावी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सांगावे, कारण इस्ट्रोजेनच्या गोळीबरोबर तिचे प्रमाण कधीकधी वाढवावे लागते. फेफऱ्याच्या काही गोळ्या आणि क्षयावरचे रिफाम्पिसिन इस्ट्रोजेनचा असर कमी करतात. कुठलेही ऑपरेशन ठरले, पाय मोडून प्लास्टर पडले, तर तेव्हाही आठवण द्यावी.

एक गोष्ट लिहिताना हात थबकतो. आमच्या मेहुणीची पिशवी ३२ व्या वर्षी काढली. अंगावर पांढरे जात होते, एवढेच कारण. बरोबर दोन्ही अंडकोशही काढले. कोणी सांगितले नाही की आता हिची पाळीच नव्हे, इस्ट्रोजेनही त्या दिवसापासून बंद झाले. ४७ व्या वर्षी गोठ्यात पाय घसरून ती पडली आणि खुबा मोडला. त्या वयात तेवढ्याशा पडण्याने खुबा मोडू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. सरकारी समितीने ८२ हजारांवर महिलांची माहिती घेतली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या पुष्कळ चाळिशीच्या आतल्या होत्या. अशा भगिनींसाठी हा धडा पन्नाशीच्या बाईपेक्षा वेगळा आहे. तरुणपणी अंडकोश गेले असतील आणि मनाई करणारा आजार नसेल, तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत संप्रेरक घ्यावे, असा सल्ला दिला जातो. ते अंगातून गेलेले भरून देणे असते. वर सांगितलेले कॅन्सरचे आकडे त्यांना लावता येत नाहीत. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा, त्यावर अंडकोश ठेवले की काढले ते लिहिलेले असते. नुसती पिशवी काढली असेल तर अंडकोश काम करीत राहतात, पण तेही थोडे लवकर थकतात.

हाडांसाठी गोळीवर भिस्त ठेवू नये. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलीग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते, पावशेर दुधात तीनशेच्या आसपास. तीळ, हादगा, राजगिऱ्याची पाने ही घरचीच. पण आपल्याकडे डेअरीला दूध घातल्यावर किटलीत जे उरते ते पोरांना, आणि बाईला चहापुरते. डेअरीचे पुस्तक भरताना याचाही हिशेब करावा.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. उकिरड्यावरून पाकिटे आणू नका आणि शेजारणीकडून मागूनही घेऊ नका. गोळी एकाएकी बंद झाल्याने जिवाला धोका झालेला नाही, फक्त वाफा परत आल्या आहेत. ज्या डॉक्टरांनी औषध दिले त्यांच्याकडेच जा. एका कागदावर लिहून न्या : गोळी कोणत्या तारखेला सुरू केली, कोणत्या वेळी घेत होता, डाग कोणत्या दोन दिवशी पडला आणि किती, कोणत्या तारखेला बंद केली. जुने रिकामे पाकीट असेल तर पिशवीत टाका, त्यावरून डॉक्टरांना लगेच कळते. तिथे तीन गोष्टी विचारा. माझ्या औषधात अस्तराला आवर घालणारे औषध आहे काय? मात्रा कमी करून किंवा जेल देऊन पाहता येईल काय? आणि परत कधी दाखवायचे? डॉक्टर कदाचित आधी सोनोग्राफी करा म्हणतील. ती करून घ्या. तीन महिन्यांनी एकदा आणि नंतर वर्षातून एकदा जायचे असते. मधला रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मोजून मिळतो, आशाताईंना सांगितले तर त्या बरोबर येतात.

आणि मालकांना हा अंक वाचायला द्या. दवाखान्यात बाहेर बाकावर बसू नका, बायकोबरोबर आत जा, असा माझा त्यांना निरोप आहे. मी पहिल्या खेपेस बाहेर बसलो होतो, म्हणूनच 'रात्री घ्यायची' हे दोन शब्द माझ्या कानावर पडले नाहीत. सौ.ची कॅप्सूल आता रात्री साडेनऊच्या बातम्या संपल्या की असते. ती विसरली तर मी आठवण करतो, आणि मी माझी रक्तदाबाची गोळी विसरलो तर ती करते.

पुढच्या आठवड्यात, राहिलेला उसाचा खोडवा. पाचट जाळू नका, तेवढे तोपर्यंत ध्यानात ठेवा.